तमाशात पीएचडी

"कशात करतेस गं पीएचडी?" असं कुणी विचारलं की पहिली दोन वर्षं मी "लोकनाट्यात" असं सांगायचे. तमाशा म्हटलं की समोरचा एकतर हसतो नाहीतर गप्प होतो, आणि आमच्या सासूबाई दोन्ही एकदम करायच्या. लोकनाट्य म्हटलं की कसं नाटकबिटक वाटतं, माणूस "अरे वा" म्हणतो आणि विषय बदलतो. सरकारी बंदीच्या काळात वाट काढायला अण्णाभाऊ साठ्यांनी हा शब्द वापरला म्हणतात, मी तो घरच्या बंदीतनं वाट काढायला वापरला.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष आमच्याच तालुक्यात, पण मला ते कळलं एमएला, पुस्तकातनं. म्हणजे बघा, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा माणूस घरदार, जात सगळं सोडून तमाशात नाचणाऱ्या पवळाबाईबरोबर फडात गेला आणि त्याच्या लावण्या अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडात बसल्या, आणि त्याच्या गावापासून काही मैलांवर वाढलेल्या मला घरात कुणी एका शब्दानं ते सांगितलं नव्हतं. वडील जत्रा कमिटीत होते, पाडव्याच्या सुमारास तमाशाची सुपारी द्यायला, म्हणजे फड ठरवायला, नारायणगावला जायचे, येताना द्राक्षं आणायचे. द्राक्षं आम्हाला, तमाशा त्यांना. जत्रेच्या रात्री आम्हा पोरींना आठ वाजताच आत कोंडायचे.

सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झालेली होती म्हणून पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यावी लागली नाही, थेट मुलाखत. हे साल २०१७. मी तेव्हा एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घ्यायचे ऑगस्टमध्ये आणि मानधनाची वाट बघायची मार्चपर्यंत. सगळे म्हणायचे पीएचडी कर, परमनंट होशील. (आज पीएचडीचा २०२४ चा कागद हातात आहे, अजून सीएचबीच आहे, पण तो वेगळा विषय, त्यावर रडायला बसले तर तमाशा राहून जाईल.)

पहिली अडचण गाइडची. बाहेरच्यांना वाटतं की गाइड म्हणजे कुणीही हुशार सर धरायचे आणि सुरू करायचं. तसं नसतं. नियमानं प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी, त्याच्यावर एक नाही. त्यामुळे तुमचा विषय कुणाच्या अभ्यासाचा आहे यापेक्षा कुणाकडे जागा रिकामी आहे हे आधी बघावं लागतं, भाड्याची खोली बघतात तसं. मी तीन ठिकाणी फिरले. एक सर म्हणाले ग्रामीण कादंबरी घे, माझ्याकडे सगळं मटेरियल तयार आहे, दोन वर्षांत मोकळी होशील. दुसऱ्या मॅडमना तमाशा चालत होता पण "फिल्डवर्क नको, उपलब्ध ग्रंथांवर कर" अशी अट. तिसरे सर मिळाले ते मात्र नशीबच माझं. स्वतः संतसाहित्याचे, तमाशातलं फारसं माहीत नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं, आणि म्हणाले, "मला जे माहीत नाही ते तू मला समजावून सांगायचं. मला समजलं तर परीक्षकालाही समजेल." तेव्हा वाटलं सर जबाबदारी झटकतायत. नंतर कळलं की दर महिन्याला न समजणाऱ्या माणसाला समजावून सांगणं काय असतं ते.

मग आरआरसी, म्हणजे विषय मंजूर करणारी विद्यापीठाची समिती. टेबलाच्या पलीकडे सहासात जण, समोर काजू-बिस्किटांच्या बशा, आणि आपल्याला पाचसात मिनिटं. मी म्हटलं मला वगावर काम करायचंय. एकानं लगेच विचारलं, लावणीवर तर भरपूर झालंय की. मी सांगितलं, सर लावणी नाही, वग. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी म्हणजे विनोदी संवाद, रंगबाजीच्या लावण्या, आणि सगळ्यात शेवटी जे नाटक होतं तो वग, आणि नुसत्या गाण्या-नाचाच्या संगीत बारीत वग नसतो म्हणून माझा अभ्यास ढोलकी फडापुरता. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग यात किती लावण्या घेणार?" शेवटी विषय मंजूर झाला, फक्त शीर्षकाला शेपूट लागलं – "एक चिकित्सक अभ्यास". मराठी विभागातल्या प्रबंधांना ही शेपटी असतेच, का ते मला विचारू नका.

कोर्सवर्कबद्दल काही सांगण्यासारखं नाही. गृहीतकृत्य म्हणजे काय, नमुना निवड म्हणजे काय, तळटीप कशी द्यायची, डबा खायचा आणि सही करून घरी.

खरं काम सुरू झालं ते अण्णांपासून. नाव सांगत नाही, त्यांना नको आहे. कृष्णाकाठच्या एका गावात राहतात, चाळीसएक वर्षं सोंगाड्या म्हणून वेगवेगळ्या फडांत उभे राहिले, आता ऐंशीच्या घरात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीनं गेले. पहिल्या दिवशी अण्णा माझ्याशी बोललेच नाहीत, "म्याडम बसा" म्हणाले आणि बाहेर गेले. काकूंनी स्टीलच्या कपात चहा आणून ठेवला आणि दारात उभ्या राहिल्या. अण्णाही उंबऱ्याबाहेरनं बघत होते. मी काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होते, त्यामुळे चहा तसाच राहिला, साय धरली त्याच्यावर. मग माझ्या एकदम लक्षात आलं की हे दोघं चहाकडे बघतायत, माझ्याकडे नाही. मी कोणत्या घरातली, हे आडनावावरनं त्यांना कळलं होतं आणि ते कोणत्या वस्तीत राहतात हे मी येताना बघितलं होतं. गार चहा सायीसकट एका दमात प्यायले. अण्णा आत आले, समोर बसले आणि म्हणाले, "हां, इचारा."

संशोधन पद्धतीच्या पेपरात मुलाखतीची प्रश्नावली कशी करायची यावर सोळा मार्कांचा प्रश्न होता. चहाबद्दल त्यात काही नव्हतं.

माझी प्रश्नावली पहिल्याच प्रश्नाला गार झाली. "अण्णा, तुम्ही ज्या वगात काम केलं त्याची संहिता आहे का तुमच्याकडं?" संहिता म्हणजे काय ते मी समजावून सांगितल्यावर म्हणाले, "वही म्हना की. कुटली दाखवू? बोर्डाची का आमची?"

मला काही कळेना. मग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतनं दोन वह्या काढल्या. एक फुलस्केप, कव्हर घातलेली, निळ्या शाईत एकटाकी वळणदार अक्षर, सगळे संवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट लिहिलेले, पात्रांची नावं समासात. दुसरी रोजमेळाची लांबट वही, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, त्यात चारपाच जणांची अक्षरं, पेन्सिल, पेन, मध्येच कुणाची तरी उचल लिहिलेली "शंबर रु. दिले", आणि वगातली फक्त गाणी, कटाव, छक्कड, आणि मध्येमध्ये टाचणं. टाचण म्हणजे काय तर "इथं प्रधान येतो. पानी मागतो. हसवून काढणे." बास. या "हसवून काढणे" वर प्रत्यक्षात पाऊण तास खेळ चालायचा.

आता याच्या मागची गोष्ट अशी की स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली होती, अश्लील म्हणून. मग ओरड झाली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बंदी उठली, पण संहिता सरकारी बोर्डाकडनं तपासून घ्यायची अट आली. आधी लिहून द्या काय बोलणार आहात, मग परवाना. आता जो खेळ रोज रात्री नवा बोलला जातो तो लिहून कुठनं देणार? मग फडवाल्यांनी काय केलं, गावातला एखादा शाळामास्तर गाठायचा, त्याच्याकडनं सोज्वळ संवाद लिहून घ्यायचे, आणि ती वही बोर्डाकडनं शिक्का मारून आणायची. ही बोर्डाची वही. स्टेजवर तिला कुणी हात लावायचं नाही. अण्णा म्हणाले, "पोलिसपाटलानं मागितली तर दावायला. ती वही खेळली आसती तर पयल्या रातीला पब्लिकनं कनात पेटवली आसती."

त्या दिवशी एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी चमकलं. ज्या वहीत सगळं आहे ती खोटी आणि जिच्यात काहीच नाही ती खरी. हाच माझा प्रबंध. पुढची सहा वर्षं मी हे एकच वाक्य तीनशे पानांत लिहित होते.

पण हे कागदावर आणणं म्हणजे महाकठीण. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा, समितीसमोर बोलायचं, आणि दर वेळी एकच प्रश्न – प्रमाण काय? मी म्हणायचे, अण्णांनी सांगितलं. "अण्णा कोण? त्यांचं प्रकाशित काय आहे?" एका सरांनी तर मला अगदी आपुलकीनं समजावलं, की बोर्डाचा शिक्का असलेली संहिता आहे ना तुमच्याकडे, तारीख आहे, सही आहे, मग तीच प्रमाण धरा, ती दुसरी वही परिशिष्टात टाका. म्हणजे जी वही फसवायलाच लिहिली होती तिनं पन्नास वर्षांनी विद्यापीठालाही फसवलं असतं, आणि तेही माझ्या हातनं. माझे गाइड शांतपणे म्हणाले, "अहो, आमच्याकडे अभंगाच्या पोथ्यांत हेच चालतं. पाठ अनेक असतात आणि गाणारा तिसरंच गातो." संतसाहित्यवाल्या गाइडचा असा उपयोग होईल हे मला वाटलं नव्हतं. तेवढ्यावर त्या बैठकीतनं सुटले.

फिल्डवर्कचं वेळापत्रक हे आणखी एक प्रकरण. फड बाहेर पडतात दसऱ्याला आणि परततात बुद्धपौर्णिमेच्या आसपास. पाडव्यापर्यंत गावोगाव तंबू लावून तिकिटावर खेळ, पाडव्यानंतर जत्रांच्या सुपाऱ्या. कॉलेजची परीक्षा, पेपर तपासणी, अंतर्गत गुण हे सगळं नेमकं त्याच महिन्यांत. आणि फडात माणसं रात्रभर नाचतात, पहाटे ट्रक भरतात, दुसऱ्या गावाला जातात आणि दुपारपर्यंत झोपतात, तर मुलाखत घ्यायची वेळ म्हणजे दुपारी चार ते सहा, म्हणजे तोंड धुणं आणि मेकअप यांच्या मधली. मी एका फडाबरोबर सलग नऊ दिवस फिरले, नवऱ्यानं मुलाला सांभाळलं, सासूबाईंना "सेमिनार आहे" सांगितलं. स्टेजच्या मागं एका पेटीवर बसायचे. गौळणीतल्या मावशीचं काम करणारा माणूस लुगडं नेसता नेसता मला कटावाची चाल म्हणून दाखवायचा, तोंडात पिना धरून. सगळी रेकॉर्डिंग जनरेटरच्या आवाजात. ती नंतर उतरवताना एकेका मिनिटाला अर्धा-अर्धा तास गेला.

आणि त्या नऊ रात्रींत वग पूर्ण झाला फक्त दोनदा. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी, पोलीस येऊन उभे, गण-गौळण झाली की पब्लिक सिनेमाच्या गाण्यांसाठी शिट्ट्या मारतं, त्यातच रात्र संपते. वग सुरू होतो तेव्हा समोर पन्नास म्हातारे, कानटोप्या घालून. पहिला वग म्हणून १८६५ चा उमाबाबू सावळजकरांचा 'मोहना बटाव' सांगतात, तेव्हापासून रात्र-रात्र चालत आलेला हा प्रकार, आणि मी त्यावर पीएचडी करत होते तेव्हा तो चाळीस मिनिटांवर आला होता. फडाचे मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही उशिरा आला." मी म्हटलं नोंदणी २०१७ लाच झाली. ते हसले नाहीत.

मार्च २०२० ला मी नारायणगावला गेले. तमासगीर विठाबाईंचं नारायणगाव, दोनदा राष्ट्रपती पदक मिळालेल्या बाईचं, त्याला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. पाडव्याच्या आधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीत टेबल, खुर्च्या, फडाचा बोर्ड, मॅनेजर, आणि गावोगावचे कमिटीवाले पुढारी जीपा घेऊन येतात, तारीख ठरते, भाव होतो, इसार देतात. अख्ख्या वर्षाचं पोट त्या काही दिवसांवर. मला तो करारनामा बघायचा होता, त्यात वगाचं नाव लिहितात का ते. तर मी पोचले तेव्हा कोरोनाच्या बातम्या सुरू झालेल्या, जत्रा बंद करायचे आदेश निघत होते. एका राहुटीत मॅनेजर डायरी घेऊन बसले होते, फोन कानाला, दुसऱ्या हातात खोडरबर. तारखा पेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या. एकेक फोन यायचा, ते "बरं, बरं, देवाची इच्छा" म्हणायचे आणि ती ओळ खोडायचे. रबराचा चुरा फुंकरीनं उडवायचे. मी तासभर बसले होते, तेवढ्यात एक पान जवळजवळ पांढरं झालं. करारनाम्याचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच मला चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचं शिक्षण कुठवर आलं?" त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता, त्याच दिवशी देश बंद झाला.

पुढची दोन वर्षं फड उभे राहिले नाहीत म्हटलं तरी चालेल. ढोलकीवाला सेंट्रिंगच्या कामाला गेला, गाण्यामागं सूर धरणारा सुरत्या भाजी विकायला लागला. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, प्रबंधाला मुदतवाढ दिली, ती मला मिळाली. फडाला मुदतवाढ देणारं कुणी नव्हतं. मला तेव्हा फार कानकोंडं व्हायचं, ह्यांचं घर बुडत असताना मी यांना फोन करून विचारतेय की गौळणीत पेंद्या आधी येतो का मावशी.

पण अण्णाच फोन करायला लागले. त्यांना घरात बसून कंटाळा आला होता. नातीच्या मोबाइलवरनं रात्री साडेनऊला फोन यायचा, "घे लिवून," म्हणायचे आणि एक अख्खी बतावणी दोन्ही आवाजांत बोलून दाखवायचे. म्याडमचं पोरी झालं होतं तोवर. त्यात शिव्या असायच्या, बायाबापड्यांच्या अंगावरचे विनोद असायचे, तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांची आयमाय काढलेली असायची, आणि मध्येच असं एखादं वाक्य यायचं की मी हेडफोन काढून गप्प बसायचे. राजा सोंगाड्याला विचारतो तुझं गाव कुठलं, आणि सोंगाड्या उत्तर देतो, त्या एका उत्तरात दोन शिव्या आणि अख्खी गावकुसाबाहेरची वस्ती. शिव्या काढल्या तर ते वाक्य उभंच राहत नाही. असे एकवीस फोन माझ्याकडे रेकॉर्ड आहेत. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे हे फोन.

मधल्या काळात पेपर छापायचा सोपस्कार. तेव्हाच्या नियमानं प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापलेला हवा आणि दोन परिषदांत वाचलेला. लगेच व्हॉट्सॲपवर मेसेज यायला लागतात, "विशेषांक, आयएसएसएन आहे, अमुक इतके हजार, आठ दिवसांत प्रमाणपत्र". (आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक.) माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी पैसे भरले, मी त्यांना नावं ठेवणार नाही, मुदत डोक्यावर असली की माणूस काहीही करतो. माझा निबंध एका नियतकालिकानं वर्षभर ठेवून घेतला आणि मग छापला, फुकट. त्या वर्षभरात मी तीनदा पैसे भरायच्या बेतात आले होते, हे खरं सांगते.

लिखाण झालं २०२२ मध्ये. पहाटे चार ते साडेसहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. चौथं प्रकरण सरांना दिलं तेव्हा त्यांनी चार दिवसांनी बोलावलं. म्हणाले काम उत्तम आहे, पण हे शब्द असेच्या असे ठेवता येणार नाहीत. मी म्हटलं, सर, सगळा मुद्दाच तो आहे. ते म्हणाले, "मला पटतंय गं. पण बाहेरचा परीक्षक कोण येईल मला माहीत नाही. त्यानं एका शब्दावर अडवलं तर वर्ष जाईल तुझं. शिवाय हे पुढं शोधगंगेवर, सगळे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर जाणार, तुझं नाव घालून. कॉलेजात मुलाखतीला बसशील तेव्हा कुणी हे पान उघडून समोर धरलं तर?" मी दोन महिने भांडले. सर कधीच आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे भांडणात मजाही नव्हती. मुदत जवळ यायला लागली. शेवटी आम्ही पहिलं अक्षर ठेवून पुढं टिंबं द्यायची असं ठरवलं. एका रात्रीत सगळ्या शब्दांना टिंबं लावली, शोधा आणि बदला करून. दोनशे चौदा ठिकाणी बदल झाले असं कॉम्प्युटरनं सांगितलं.

मग टायपिंगचं रामायण. पहिली तीन प्रकरणं मी डीटीपीवाल्या दादांकडनं करून घेतली होती, ती श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, पुढची मी स्वतः युनिकोडमध्ये. प्लेजरिझम तपासणीला लायब्ररीत फाइल दिली तर पहिल्या तीन प्रकरणांचा रिपोर्ट आला शून्य टक्के. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यामुळे क्लार्क खूश, "मॅडम, शून्य पहिल्यांदाच बघतोय." मला मात्र शंका आली. बघितलं तर सॉफ्टवेअरला ते मराठी दिसतच नव्हतं, सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा. मग सगळं युनिकोडमध्ये फिरवलं, त्यात रफार पळाले, 'सोंगाड्या'चा 'सोंगाडया' झाला आणि 'तऱ्हा' तर ओळखू येईना. तीनशे पानं डोळ्यांत तेल घालून पुन्हा वाचली. दुसरा रिपोर्ट नऊ टक्के आला, त्यातलं बरंचसं म्हणजे मी अवतरणात दिलेल्या जुन्या लावण्या, शाहीर कधीच गेलेले आणि मी चोर ठरत होते. जीव भांड्यात पडला एवढंच.

२०२३ च्या जूनमध्ये प्रबंध जमा केला. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. बाइंडिंगवाल्यानं पाठीवर "वग" च्या जागी "वर्ग" छापलं होतं, ते परत करून घेतलं. मग शांतता. प्रबंध परीक्षकांकडे गेला का, अहवाल आले का, टपालात आहेत का, कुणी काही सांगत नाही. आठ महिने. त्या आठ महिन्यांत मी विद्यापीठाच्या त्या एका खिडकीवर इतक्यांदा गेले की शेवटी तिथला शिपाई मला लांबनं बघूनच नकारार्थी हात हलवायचा, म्हणजे माझा जिना वाचायचा. भला माणूस.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, २०२४ च्या मार्चमध्ये झाली. आदल्या दिवशी धाप लागली होती पण प्रत्यक्षात सोपी गेली. खुली असते ती, कुणीही येऊन बसू शकतं, माझ्या एमएच्या पोरी आल्या होत्या, आणि मागच्या बाकावर सासूबाई, पदर सारखा करत. बाहेरच्या परीक्षकांनी शिव्यांबद्दल एक शब्द काढला नाही. उलट विचारलं, "ही टिंबं कशासाठी दिलीत? मूळ शब्द हवे होते, अभ्यासकाला लागतात." मी सरांकडे बघितलं. सर पाणी पीत होते.

पेढे वाटले, फोटो झाले, सासूबाईंनी शेजारणीला फोनवर "तमाशात डॉक्टर झाली" असं स्वतः सांगितलं.

मे महिन्यात एक प्रत घेऊन अण्णांकडे गेले. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी रेक्झिनवरनं हात फिरवला, जड आहे म्हणाले, वजन कराय पायजे. मग नातीला हाक मारली, आकरावीत आहे ती, "चवथं काडून वाच, माझं हाय ते." तिनं वाचायला सुरुवात केली, अण्णा डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून, तिच्या अर्धा शब्द पुढं ओठ हलवत. राजानं गाव विचारलं. पोर अडखळली.

"वाच की."

"आजोबा, इथं पहिलं अक्षर हाय आन् पुढं नुसती टिंबं हायत."

"टिंबं?"

"टिंबं. फुल्ल्या असत्यात तशी. खाली पन हायत. सगळीकडं हायत."

अण्णांचा ठेका थांबला. त्यांनी डोळे उघडले, माझ्या आवाजाच्या अंदाजानं तोंड वळवलं, आणि ते सोंगाड्याचं हसू, जे मी चार वर्षं फोनवर नुसतं ऐकलं होतं, ते चेहऱ्यावर आलं.

"आगं पोरी," म्हणाले, "बोर्डाची वही केलीस व्हय!"

आणि मग नातीला खुणेनं पुस्तक मिटायला सांगून त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं, सगळ्या अक्षरांसकट.